भिंतीपलीकडची परचेसवाली

आमच्या गल्लीत रात्री एकपर्यंत दिवा जळायला दोनच कारणं चालतात. घरात बारावीचं मूल असावं, नाहीतर अंथरुणाला खिळलेलं माणूस. शेजारच्या वहिनींकडे दोन्ही नाही. नातू सीनियर केजीत आहे आणि त्यांचे यजमान भाऊ पंचाहत्तरीतही रोज पहाटे दुर्गा टेकडी चढून येतात. तरी वरच्या खोलीत दिवा. मग काय, समोरच्या आजींनी निदान करून टाकलं की मुलाचं आणि सुनेचं बिनसलंय. इस्त्रीवाल्याचं म्हणणं वेगळं. अमेरिकेचा शेअर बाजार आपल्याकडे रात्री उघडतो, मुलगा त्यात पैसे घालवतोय. पेपरवाला काही बोलला नाही, नुसता हसला, त्यामुळे खरी बातमी त्याच्याकडेच असणार असं सगळ्यांनी धरलं.

मी अंदाजात वेळ घालवत नाही. आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीइतकीच आहे. वहिनी कढीपत्ता तोडायला आल्या तशी मी इकडून विचारलं.

"वहिनी, वर कोण जागतं हो रात्रीचं?"

"कोण जागणार? सूनबाई. परीक्षा आहे तिची."

"आता कसली? इंजिनियरिंग झालंय ना तिचं?"

"खरेदीची."

"कसली?"

"खरेदीची हो. परचेस. ती चाकणला परचेसला आहे ना, त्याची परीक्षा."

इथं आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. आमचे हे भोसरी एमआयडीसीत दोन सीएनसी आणि तीन म्हातारे लेथ सांभाळून आहेत. टर्निंगची कामं. बुश, पिना, स्पेसर. त्यांचा माल घेणारी सगळी माणसं परचेसची. त्यामुळे आमच्याकडे 'परचेसवाले' हा शब्द शिवीच्या जागी वापरतात. मुलं लहान होती तेव्हा त्यांना ती खरंच शिवी वाटायची. तीन कोटेशनं मागवून चौथ्यालाच ऑर्डर देणारे ते परचेसवाले. पेमेंटचं विचारलं की 'अकाउंट्सला विचारा' म्हणणारे ते परचेसवाले. आणि असं होण्यासाठी परीक्षासुद्धा असते, हे मला त्या दिवशी कढीपत्त्याच्या झाडाखाली कळलं.

"मग आपण आयुष्यभर मंडईत केलं ते काय होतं?" मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं तिला. तर म्हणते, आई, तुम्ही स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या घरासाठी घेता. मी दुसऱ्याच्या पैशानं, तिसऱ्याच्या वापरासाठी घेते आणि चौथा येऊन तपासतो. ते शिकावं लागतं."

उत्तर बिनतोड होतं. म्हणून जरा रागच आला.

संस्थेचं नाव वहिनींना पाठ आहे, कारण माहेरच्या प्रत्येक फोनवर तेच सांगावं लागतं. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युरमेंट अँड सप्लाय, थोडक्यात सीआयपीएस. विलायतेची. १९३२ साली खरेदी अधिकाऱ्यांची संघटना म्हणून सुरू झाली आणि १९९२ साली तिला राजघराण्याची सनद मिळाली. शिक्षण पायऱ्यांचं. शिकलेल्याला थेट चौथ्या पायरीवर घेतात, मग पाचवी, मग सहावी. खाली दुसरी आणि तिसरी आहे.

"आणि पहिली?"

"पहिली नाहीच. ती आपापल्या आईकडे होते म्हणे."

एकट्या चौथीला आठ विषय, ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे ६०० तास. वहिनींनी हा आकडा असा उच्चारला की जणू ते सगळे तास त्यांनीच पोळ्या लाटल्यात. आणि एका अर्थी लाटल्याच आहेत. नातवाला झोपवणं, सकाळचे दोन डबे, शाळेची बस, सगळं त्यांच्याकडे. सूनबाई साडेसातला चाकणहून येते, जेवते आणि साडेदहाला पुस्तक उघडते.

"आपल्याकडे नाही का असं काही?"

"आहे की. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट. मुख्यालय बेलापूरला, पुण्यातही शाखा आहे. तिचे साहेब तिथलाच डिप्लोमा करून वर आले. अमेरिकेचीही एक संस्था आहे, १९१५ पासूनची."

"मग हिनं विलायतेचंच का धरलं?"

वहिनींनी कढीपत्त्याचं एक पान उगाच पुसलं. "सहावी पायरी झाली आणि तीन वर्षांचा अनुभव दाखवला की नावापुढे एमसीआयपीएस लागतं. आखातातल्या नोकरीच्या जाहिरातींत ती अक्षरं मागतात."

म्हणजे दुबई! गल्लीतल्या एकाचाही अंदाज तिथवर पोचला नव्हता. मी चेहरा साधा ठेवला. नातवाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही.

दिवाळीच्या भेटीच्या डब्यांचं प्रकरण मात्र तपशिलात सांगण्यासारखं आहे. परचेसच्या माणसाच्या घरी दिवाळीत ड्रायफ्रूट विकत आणत नाहीत, असा आमच्या गल्लीचा ठाम समज आहे. समोरच्या आजी ओट्यावर बसून वहिनींच्या दारातले टेम्पो मोजायच्या आणि आकडा सगळ्यांना सांगायच्या. गेल्या दिवाळीत त्यांचं गणित उलटं झालं. डबे आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले.

"चांदीचं नाणं होतं हो," वहिनी अजून हळहळतात. "एक माणूस दुपारी देऊन गेला. मी आपलं देवापुढे ठेवलं. ही संध्याकाळी आली, सरळ देव्हाऱ्यातून उचललं, पिशवीत घातलं, आणि सकाळी परत. पोच लिहून घेतली वर. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातली चांदी बाहेर!"

सूनबाईचं म्हणणं असं की नाण्याची किंमत हा प्रश्नच नाही. कुणाकडून काय आलं याची नोंद कंपनीच्या रजिस्टरमध्ये करायची, आणि टेंडर चालू असलेल्या माणसाकडून तर चहाच्या पुढे काही घ्यायचं नाही. अभ्यासक्रमातला एक अख्खा विषय नीतीचा आहे. नावापुढची सनद टिकवायची तर दरवर्षी नीतिमत्तेची चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्यात विलायतेचा लाचलुचपतीचा २०१० चा कायदा असा कडक की त्यांच्या कंपनीच्या माणसानं बाहेरच्या देशात लाच दिली तरी खटला तिकडे.

भाऊ निवृत्त संस्कृत शिक्षक. खुर्चीतूनच म्हणाले, "कौटिल्यानं सरकारी पैसा खाण्याचे ४० प्रकार मोजून ठेवलेत. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात. विलायतवाल्यांनी फारसं नवीन काही केलेलं नाही."

मी गप्प होते. आमच्याकडून जाणाऱ्या डब्यांची यादी मीच करते. स्टोअरवाल्याला अर्धा किलो, परचेसला एक, आणि बिल पास करणाऱ्याला दीड. हा हिशेब कुठल्याही संस्थेच्या पुस्तकात सापडायचा नाही. पण सूनबाईच्या नजरेतून माझं गप्प राहणं सुटलं नाही.

"काकू, डब्यांचा खर्च काका दरात धरतात ना?"

"मग काय खिशातून घालतील?"

"म्हणजे काजू आमच्याच कंपनीच्या पैशाचे. फिरून आमच्याच माणसाच्या घरी."

या मुलीशी वाद घालायचा तर पोट भरून घालावा.

तो योग एका रविवारी आला. आमचे हे भिंतीशी चहा पीत उभे होते. ती खाली आली, हातात वाटाघाटींचं पुस्तक.

"काका, सरावाला मला एक व्हेंडर हवाय."

"मी रोजच असतो."

ठरलं असं की एक बुश आहे, वर्षाला १०,००० नग, आणि यांनी ४२ रुपये दर सांगितलाय. तिनं तो खाली आणायचा. मी आणि वहिनी दोन्हीकडून प्रेक्षक. यांनी नेहमीची तान सुरू केली, स्टील वाढलं, वीज वाढली, ऑपरेटर टिकत नाही. ती ऐकत राहिली. मध्येच 'थोडं कमी करा ना' असं एकदाही म्हणाली नाही, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की प्रकरण वेगळं आहे. मग तिनं विचारलं, "बार कापला की एका नगाचं वजन किती?"

"३०० ग्रॅम."

"आणि तयार नगाचं?"

"१८०."

"म्हणजे १२० ग्रॅमच्या चिप्स. १०,००० नगांच्या १,२०० किलो. भंगारवाला किलोला ३० रुपये देतो असं धरलं तर वर्षाचे ३६,०००. कोटेशनमध्ये ते वजा केलेले दिसले नाहीत, काका."

यांनी चहाचा कप भिंतीवर ठेवला. पंचवीस वर्षांत मी या माणसाला दरावर बोलताना थांबलेलं पाहिलं नव्हतं. नगामागे ३ रुपये ६० पैसे चिप्समध्येच गेले होते. अर्थात हेही कच्चे नाहीत. "चिप्सचे पैसे धर," म्हणाले, "पण मग इन्सर्ट किती झिजतात तेही धर, आणि तुमची कंपनी ड्रॉइंग बदलते तेव्हा माझ्याकडे पडून राहिलेला माल कोण घेतं तेही धर." ती लिहून घेऊ लागली. शेवटी ४० वर जमलं. दोघंही खूष दिसले, त्यामुळे कोण हरलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या पुस्तकात एक प्रश्न फार महत्त्वाचा मानतात म्हणे. करार झालाच नाही तर तुमच्या हातात दुसरं काय आहे? फिशर आणि युरी नावाच्या दोघांनी १९८१ साली तो मांडला आणि तेव्हापासून जगभर शिकवतात. तिनं यांना विचारला.

"मी ऑर्डर दिली नाही तर तुमच्याकडे काय आहे?"

"तुमच्या शेजारची कंपनी."

"तिनंही दिली नाही तर?"

"बँकेचा हप्ता."

मग तिनं जुन्या वर्तमानपत्रावर चार चौकोन काढले. पीटर क्रालिच नावाच्या माणसानं हे चौकोन १९८३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत छापले होते आणि परचेसचा अभ्यास करणारा प्रत्येक जण ते झोपेतही काढतो. एका बाजूला पैसा, म्हणजे ती वस्तू कंपनीच्या नफ्याला किती भिडते. दुसऱ्या बाजूला जोखीम, म्हणजे ती मिळाली नाही तर दुसरीकडे मिळेल का. हातमोजे, खराटे, कागद यांना पैसाही थोडा आणि जोखीमही थोडी. तिथं डोकं घालवायचं नाही, वर्षाचा एकच करार करून मोकळं व्हायचं. स्टीलचे बार, पॅकिंगची खोकी यांत पैसा मोठा पण विकणारे पन्नास. तिथं घासाघीस करायची. पैसाही मोठा आणि विकणाराही एखादाच असेल तर त्याच्याशी संसार करायचा. आणि चौथा चौकोन फसवा. वस्तू चार आण्यांची, पण बनवणारा एकच, आणि ती नसेल तर लाइन बंद.

"माझा बुश कुठल्या चौकोनात?" यांनी विचारलं. अपेक्षा संसाराच्या चौकोनाची होती.

"खराट्याच्या," ती म्हणाली.

वहिनी हसल्या. मी हसले नाही. पण तिनं लगेच सावरलं. "तुमचा तो छोटा स्पेसर आहे ना, ग्राइंडिंगचा, पाच मायक्रॉनवाला? तो चौथ्या चौकोनात. आमच्याकडे दुसरा कुणी तो करत नाही."

"म्हणजे मी अडवून दर वाढवू शकतो?"

"एकदा. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही दुसरा व्हेंडर उभा करतो. पुस्तकात उपाय तोच दिलाय."

आता माझी जुनी जखम. मागे एका कंपनीची ऑर्डर नगामागे ३ रुपयांनी गेली. आमचे ४२, दुसऱ्याचे ३९. तो एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दरवाला, आणि एल-वन म्हणजे यांच्या जगात पंढरीचा विठोबा. पुढे त्याच कंपनीचा रात्री अकराला फोन. उद्या सकाळी ५०० नग द्या, लाइन थांबलीय. दिले. ४२ नेच दिले. हे मी तिला ऐकवलं, म्हटलं यावर काय म्हणतं तुमचं पुस्तक?

तिनं वहीच पुढे केली. ३९ ला घेतलेल्या १०० नगांतले ८ रिजेक्ट झाले तर ३,९०० रुपयांत चांगले ९२. म्हणजे एक चांगला नग ४२ रुपये ३९ पैशांना पडला. त्यात तपासणीचा वेळ नाही, परत पाठवायचं भाडं नाही, थांबलेली लाइन तर नाहीच. दर पाहायचा नाही, वस्तू आणल्यापासून टाकून देईपर्यंतचा सगळा खर्च पाहायचा, हे त्यांना पहिल्या विषयापासून शिकवतात.

"मग तुमच्या कंपन्यांत कुणाला कळत नाही का हे?"

"कळतं, काकू. पण वर्षअखेर आम्हाला विचारतात, दरात किती वाचवलं? रिजेक्शनचा खर्च क्वालिटीच्या खात्यात जातो, लाइन थांबली तर प्रॉडक्शनच्या, आणि ३ रुपये वाचवल्याचं बक्षीस परचेसला."

अख्ख्या प्रकरणातलं माझ्या मते हेच खरं. मुली रात्री एकपर्यंत जागून सगळा खर्च मोजायला शिकतात आणि सकाळी ऑफिसला गेल्या की साहेब एकच रकाना उघडतो. पहिला पेपर साहेबांचा घ्यावा. दुसरा अकाउंट्सचा. परचेसवालीला शेवटी बसवलं तरी चालेल.

तिला सगळं सोपं जातं असंही नाही. बहुतेक पेपर कॉम्प्युटरवर पर्याय निवडायचे असतात. वहिनींना आधी ते केबीसीसारखं वाटलं होतं. पण पर्याय चारही खरे दिसतात, आणि करारांच्या पेपरात ती पहिल्या वेळी अडकली. कारण विचारलं तर म्हणाली, चाकणची सवय. तिथं काम फोनवर सुरू होतं, पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, मागून येते आणि दर कधीकधी माल पोचल्यावर ठरतो. पुस्तकात तसं चालत नाही.

त्या पेपरातला एक खटला मात्र आमच्या यांनी तिच्याकडून दोनदा सांगून घेतला, कारण तो मशीनवाल्याचा होता. बटलर मशीन टूल नावाची विलायतेतली कंपनी. १९६९ साली तिनं एका गिऱ्हाइकाला मशीनचं कोटेशन दिलं, ७५,५३५ पौंड, आणि खाली अट घातली की माल देईपर्यंत महागाई वाढली तर दर वाढेल. गिऱ्हाइकानं ऑर्डर पाठवली ती स्वतःच्या अटींवर. तीत दरवाढ नाही. ऑर्डरच्या तळाला एक चिठ्ठी होती, 'तुमच्या अटींवर ऑर्डर मान्य', सही करून परत पाठवायची. मशीनवाल्यानं सही केली. पुढे २,८९२ पौंड वाढीव मागितले. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि मशीनवाला हरला. शेवटची सही त्या चिठ्ठीवर होती ना!

सोमवारी हे वर्कशॉपला गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पीओच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. रात्री जेवताना बोलले नाहीत.

साठ्याचं गणित मला त्यातल्या त्यात जवळचं वाटलं. वर्षाचा तांदूळ एकदम भरायचा की महिन्याला आणायचा, हा आमच्या सासूबाईंचा आणि माझा पहिल्या वर्षीचा वाद. एकदम भरला तर भाव चांगला, पण जागा अडते, पैसा अडकतो, आणि कडुलिंबाचा पाला घातला तरी पोरकिडा होतोच. महिन्याला आणला तर दर वेळी हमाली. फोर्ड हॅरिस नावाच्या माणसानं १९१३ साली यावर सूत्रच मांडलं. सूनबाईनं बुशवर करून दाखवलं. वर्षाला १०,००० नग लागतात, एक ऑर्डर काढायला ८०० रुपये पडतात, एक नग वर्षभर सांभाळायला ४ रुपये. उत्तर येतं एका वेळी २,००० नग, वर्षाला पाच ऑर्डरी. गंमत अशी की तेव्हा ऑर्डरींचा खर्चही ४,००० आणि सांभाळण्याचाही ४,०००. दोन्ही पारडी सारखी झाली की खर्च सगळ्यांत कमी. सासूबाई आणि मी दोघीही आपापल्या पारड्यात बसून भांडत होतो. सूत्रात भाव वर्षभर सारखा धरलाय, असं तिनं वर सांगितलं. मग आमच्या काळच्या तांदळाला ते लागू पडलं नसतंच.

मालाच्या ने-आणीचे जे शब्द आहेत, एफओबी, सीआयएफ वगैरे, त्या ११ चिठ्ठ्या वहिनींच्या फ्रीजवर चिकटवलेल्या होत्या. नातवालाही पाठ झाल्या. सगळी मुलं सीआयएफवर चुकतात म्हणे. भाडं विकणाऱ्यानं भरायचं, विमाही त्यानंच काढायचा, पण माल जहाजावर चढला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. बुडाला तर घेणाऱ्यानं विमा कंपनीमागे धावायचं. मला यात चुकण्यासारखं काही वाटलं नाही. लग्नाचा खर्च कोण करतो आणि निस्तरतं कोण, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही.

आता शेवटचं, आणि हे माझ्या स्वार्थाचं. एका कंपनीकडे आमचं बिल चार महिने पडून होतं. हे रोज फोन करायचे आणि तिकडून रोज नवीन माणूस बोलायचा. मी भिंतीवरून सूनबाईला टोमणा मारला, तुमच्या आठ विषयांत पैसे वेळेवर द्यावेत असा नववा विषय नाही का गं? ती म्हणाली, विलायतेच्या पुस्तकात काय आहे ते राहू द्या, आपल्याकडे कायदाच आहे. २००६ चा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसच. पुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे कायद्यात कधीपासूनचं आहे, पण गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा लावायला धजतो कोण?

खरा चिमटा १ एप्रिल २०२४ पासून बसतोय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. ज्या वर्षी खरोखर पैसे देईल त्या वर्षी मिळेल. तेव्हापासून अकाउंट्सची माणसं मार्चमध्ये आपणहून फोन करायला लागलीत.

"पण काकांच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर कुठाय?" तिनं विचारलं. "तो नसला तर आमच्या सिस्टीमला काका लघुउद्योजक आहेत हे कळणार कसं?"

नोंदणी होती. बँकेच्या कर्जासाठी केली होती आणि कागद कपाटात होता. बिलावर छापला नव्हता. आता छापलाय. काही कंपन्या असा नंबर दिसला की तोंड वाकडं करतात, दुसरा व्हेंडर पाहतात, असंही भोसरीत ऐकू येतं. आमच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही. परचेसवाल्यांबद्दल माझं मत तसं कायम आहे, फक्त एक घर वगळून.

सूनबाईचे पाच पेपर झाले, तीन राहिलेत. समोरच्या आजींना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढं शिकून करणार काय, तर खरेदीच ना.

तुमच्या घरचं वर्कशॉप असेल, माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर पैसे पडत नाहीत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना या ४५ दिवसांचा उपयोग नाही, बाकीच्यांनी तो नंबर प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापा. आणि माल पोचला की स्वीकारल्याची तारीख सहीशिक्क्यानिशी घ्या, दिवस तिथूनच मोजतात.